त्रिकोणाला कर्ण किती? : आकृत्यांच्या भागांची मराठी नावे

पंचवटीकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी नाशिकमध्येच मराठी माध्यमात सातवीत शिकते आणि पुढच्या वर्षी आठवीपासून तिला सेमी-इंग्रजीत घालण्याचा विचार चालू आहे. त्याआधी भूमितीतल्या आकृत्यांच्या भागांची मराठी नावे तिच्या डोक्यात पक्की बसावीत, म्हणून तिच्या खोलीत लावायला एक मोठा तक्ता करायला घेतला. बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण, कोन आणि शिरोबिंदू इथपर्यंत काम सुरळीत झाले. कर्णापाशी आल्यावर मात्र घरात वाद सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

झाले असे, की शिकवणीच्या सराव-पत्रिकेत ‘त्रिकोणाला किती कर्ण असतात?’ असा प्रश्न होता. दोनच दिवस आधी मी तिला पायथागोरसचा सिद्धांत समजावून सांगितला होता आणि काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण हे तिच्याकडून तीन वेळा वदवून घेतले होते. त्यामुळे तिने अर्थातच ‘एक’ असे लिहिले. उत्तरावर फुली पडली आणि शेजारी लाल शाईत ‘शून्य’ असा शेरा आला. आता माझ्या शिकवण्यावरचा तिचा विश्वास डळमळला आहे. या दोघांपैकी बरोबर कोण, आणि तक्त्यावर ‘कर्ण’ या शब्दापुढे मी नेमके काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडूफळा

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘कर्ण’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि आपल्या घरातला वाद त्यातूनच निघाला आहे. बहुभुजाकृतीत एकमेकांच्या लगत नसलेले दोन शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड हा तिचा कर्ण होय. चौकोन अबकड घेतला, तर अ च्या लगत ब आणि ड आहेत. उरला फक्त क, म्हणून अक हा एक कर्ण आणि त्याच न्यायाने बड हा दुसरा. पंचकोनाला ५ आणि षटकोनाला ९ कर्ण येतात. बाजूंची संख्या न असेल तर न गुणिले (न − ३), भागिले २ एवढे कर्ण मिळतात. या सूत्रात न च्या जागी ३ घालून पाहावे, म्हणजे शून्य का येते ते कळेल. त्रिकोणात प्रत्येक शिरोबिंदू उरलेल्या दोघांच्या लगतच असतो, त्यामुळे जोडायला कोणी शिल्लकच राहत नाही.

दुसरा अर्थ फक्त काटकोन त्रिकोणापुरता आहे, आणि तिथे कर्ण ही त्रिकोणाची एक बाजूच असते. इंग्रजीत पहिल्याला ‘डायगोनल’ आणि दुसऱ्याला ‘हायपोटेन्युज’ अशी स्वतंत्र नावे असल्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

आता फुलीविषयी. प्रश्नात नुसता ‘त्रिकोण’ म्हटले आहे, म्हणजे कोणताही त्रिकोण, म्हणून ‘एक’ हे उत्तर मलाही स्वीकारता येणार नाही, कारण लघुकोन त्रिकोणाला दुसऱ्या अर्थानेही कर्ण नसतो. परंतु सातवीच्या वर्गात, पायथागोरस नुकताच शिकवून झालेला असताना, ‘बहुभुजाकृती म्हणून विचार केल्यास’ एवढे चार शब्दही न लिहिता असा प्रश्न घालणे हा प्रश्न काढणाऱ्याचाच दोष आहे. मी पेपर काढत असतो, तर हा प्रश्न खोडला असता.

एकाच शब्दावर ही दोन कामे का पडली, ते आयत काढला की दिसते. आयतात एक कर्ण काढा, लगेच दोन काटकोन त्रिकोण तयार होतात आणि आयताचा तो कर्ण त्या दोन्ही त्रिकोणांचाही कर्ण असतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारासही, काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावे आहेत, आणि चौकोनाच्या कर्णालाही तिथे कर्णच म्हटले आहे. पुढे पंचकोन-षटकोनातल्या रेषाखंडांनाही हेच नाव लागले, आणि तिथे मात्र काटकोनाशी संबंध उरला नाही.

ओळंबा

सरांनी आयताचा विषय काढलाच आहे, म्हणून बांधकामावरचा अनुभव लिहितो. पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची घरांची कामे चालतात. पायाची आखणी करताना आम्ही चुन्याची फक्की टाकण्याआधी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतो आणि दोरी ताणतो. समजा ३० फूट बाय ४० फुटांचे घर आहे. चारही बाजू टेपने मोजल्या आणि समोरासमोरच्या बाजू अगदी बरोबर भरल्या, तरी नवखा पोरगा इथे हमखास फसतो, कारण तेवढ्याने आखणी ‘गुण्यात’, म्हणजे नेमक्या काटकोनात, आली असे होत नाही. चारही मापे तीच ठेवून चौकट तिरकी झुकू शकते. आपण खिळखिळे झालेले दार झुकलेले पाहतो तसेच. म्हणून आम्ही दोन्ही कर्ण मोजतो. दोन्ही ५० फूट भरले की काम गुण्यात. एक ५० फूट ४ इंच आणि दुसरा ४९ फूट ८ इंच आला, तर दोन खुंट्या सरकवायच्या आणि पुन्हा मोजायचे.

लहान कोपरा तपासायचा असेल तर एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फुटांवर खूण करायची आणि दोन खुणांमधले अंतर ५ फूट येते का पाहायचे. आमच्या जुन्या मिस्त्रींना पायथागोरस ठाऊक नव्हता, पण ‘तीन-चार-पाच’ त्यांना तोंडपाठ होते. आमच्या साइटवर ‘कर्ण’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तो डायगोनल की हायपोटेन्युज, हा प्रश्न तिथे आजवर कोणी विचारलेला नाही.

खडूफळा

ओळंबा यांनी जे लिहिले आहे, त्याविषयी भास्कराचार्यांनी फार कडक शब्द वापरले आहेत. चार बाजू दिल्या म्हणजे चौकोन ठरत नाही. एक कर्ण किंवा एक लंब तरी सांगावा लागतो. ते न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी लीलावतीत चक्क पिशाच म्हटले आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठे पिशाच! विषयांतर होते आहे, पण चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाणे झाले तर तिथला शिलालेख जरूर पाहावा; भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

अनुवादिका

मी हिंदीतून मराठीत शैक्षणिक साहित्य भाषांतरित करण्याचे काम करते, म्हणून पंचवटीकरांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. तक्त्यासाठी आंतरजालावर शोध घेतलात, तर देवनागरीतले बरेचसे साहित्य हिंदी निघते, आणि लिपी एकच असल्यामुळे चूक पटकन ध्यानात येत नाही. हिंदीत चौकोनाच्या कर्णाला ‘विकर्ण’ म्हणतात, त्यामुळे त्यांच्याकडे वरचा वाद उद्भवतच नाही. आपली परिमिती त्यांचे ‘परिमाप’ होते, आपला परीघ ‘परिधि’ होतो आणि आपला कंस ‘चाप’ होतो. या शब्दांनी फार तर तक्ता परका दिसेल, नुकसान काही होणार नाही.

नुकसान करतो तो ‘पूरक’ हा शब्द. मराठीत ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते ते पूरक कोन, आणि ९० अंश असते ते कोटिकोन. हिंदीत मात्र ९० अंशांच्या जोडीला ‘पूरक’ आणि १८० अंशांच्या जोडीला ‘संपूरक’ म्हणतात. म्हणजे हिंदी तक्त्यावरून ७० अंशांचा पूरक कोन २० अंश असे मुलीने पाठ केले, तर मराठी पेपरात तिचे उत्तर सरळसरळ चुकेल, कारण तिथे ११० अपेक्षित आहे. माझ्या हातून हीच चूक एका छापील पुस्तिकेत गेली होती आणि ती एका पालकांनी दाखवून दिली, तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी अंशांची बेरीज पाहते.

तसाच ‘समकोण’. हिंदीत तो आपला काटकोन. मराठी वाचक मात्र त्याचा अर्थ ‘सगळे कोन समान’ असा लावतो आणि ‘समकोण त्रिभुज’ म्हणजे समभुज त्रिकोण समजून बसतो.

सरांनी भुज-कोटी-कर्ण सांगितले, त्यातली कोटी ‘कोटिकोन’ या शब्दात आपल्याकडे अजून टिकून आहे. काटकोन त्रिकोणातले दोन लघुकोन नेहमीच एकमेकांचे कोटिकोन असतात, एवढे सांगितले की माझ्या भाचीला तो शब्द पुन्हा सांगावा लागला नाही.

पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘पूरक’ मी खरोखरच चुकीचा लिहिला होता. तेवढ्यावर कागद चिकटवून दुरुस्ती केली आहे. कर्णासाठी दोन स्वतंत्र चौकटी केल्या आहेत, एकीत चौकोन आणि दुसरीत काटकोन त्रिकोण. आता दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली म्हणजे, त्रिकोण जरा फिरवून काढला की मुलगी खालची बाजू शोधत बसते आणि ‘पाया सापडत नाही’ म्हणते. दुसरी म्हणजे, वर्तुळाचे इतके भाग आहेत की सगळे एकाच चित्रात दाखवायला गेले तर त्याचे जाळे होते.

खडूफळा

पायाची अडचण दर वर्षी वर्गात येते, आणि ती आपल्या शब्दानेच निर्माण केलेली आहे. घराचा पाया खाली असतो, म्हणून त्रिकोणाचाही खालीच असणार, असे मुलांना वाटते. भूमितीत मात्र ज्या बाजूवर समोरच्या शिरोबिंदूतून लंब टाकायचा ठरवला, ती बाजू पाया. त्रिकोणाला बाजू तीन, म्हणून पाया निवडण्याचे मार्गही तीन आणि शिरोलंबही तीन. कोणतीही जोडी घेतली तरी पाया गुणिले उंची भागिले दोन हे तेवढेच येते. मुलीला पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून द्यावा आणि तो टेबलावर तीन वेळा वेगवेगळ्या बाजूवर उभा करायला सांगावा. मात्र तो विशालकोन त्रिकोण असेल, तर दोन शिरोलंब आकृतीच्या बाहेर पडतात, आणि त्यासाठी पाया वाढवून तुटक रेषेने दाखवावा लागतो, हे तक्त्यावर विसरू नये. मध्यगा मात्र कधीच बाहेर जात नाही, कारण ती शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतच असते. परीक्षेत मुले मध्यगा आणि शिरोलंब यांची अदलाबदल करतात ती बहुधा समद्विभुज त्रिकोणाचेच चित्र पाहून, कारण तिथे शिखरापासूनच्या या दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. तक्त्यावर मुद्दाम विषमभुज त्रिकोण काढावा.

ओळंबा

माझे सदस्यनाम ज्यावरून आहे, तो ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन, भिंत सरळ उभी आहे का हे पाहण्यासाठी. शिरोलंबातला लंब आणि ओळंबा हे दोन्ही ‘लोंबणे’ या एकाच घराण्यातले शब्द आहेत. शिरावरून लोंबतो तो शिरोलंब, असे सांगून पाहा. फक्त आमचा ओळंबा नेहमी जमिनीकडेच जातो, सरांचा मात्र कोणत्याही दिशेला जाऊ शकतो.

चतकोर

वर्तुळाच्या भागांसाठी आमच्या घरी भाकरी उपयोगी पडली, म्हणून लिहिते. भाकरीची कड म्हणजे परीघ. काठावरच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ म्हणजे जीवा, आणि ती जीवा केंद्रातून गेली तर व्यास. या दोन बिंदूंमधला काठाचा तुकडा म्हणजे कंस. (हा कंस आणि लेखनातला कंस आकाराने भाऊच आहेत, हे मुलांना आवडते. मामाचा मात्र इथे संबंध नाही.)

मुख्य घोळ असतो तो वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड यांत. भाकरीच्या मध्यापासून दोन सरळ घड्या घालून तुकडा काढला, तर ती वर्तुळपाकळी. आपण ज्याला चतकोर म्हणतो, ती केंद्राशी ९० अंशांचा कोन असलेली वर्तुळपाकळीच आहे. मध्याला हात न लावता नुसती कडेची एक पट्टी सरळ तोडली, तर तो वर्तुळखंड. म्हणजे पाकळीला दोन त्रिज्या आणि एक कंस, तर खंडाला एक जीवा आणि एक कंस.

आता गंमत पाहा. भाकरीची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली आणि चतकोराची परिमिती विचारली, तर माझ्या मुलाने परिघाचा चौथा भाग काढला, ३.१४ ने हिशोब करून १८.८४ सेंटिमीटर, आणि वही मिटली. मी चतकोर त्याच्या हातात दिला आणि ‘याच्या कडेवरून बोट फिरव’ म्हटले. बोट कंसावरून फिरले, कोपऱ्यावर आले, थांबले, आणि मग दोन सरळ कडांवरून खाली-वर जाऊन परत आले. त्यात १२ आणि १२ मिळवून ४२.८४ झाले. चतकोर त्यानंतर पिठल्याबरोबर संपला.

सातपूरचा टर्नर

सातपूर एमआयडीसीत लेथवर काम करतो. आमच्याकडे मराठी शब्द कमीच आहेत. व्यासाला सगळे ‘डाया’ म्हणतात. पण एक गोष्ट वर कोणी लिहिली नाही. वहीत मुले आधी त्रिज्या शिकतात आणि मग तिची दुप्पट म्हणजे व्यास. आमच्या हातात भरीव गोल सळई येते, तिचा मध्य आत लपलेला असतो, त्यामुळे त्रिज्या मोजण्याची सोयच नसते. व्हर्नियर बाहेरून लावायचा, व्यास घ्यायचा आणि निम्मा करायचा. त्रिज्या आम्ही बोलतो ती बहुतेक कोपरा गोल करण्यासाठीच, ‘इथे ५ चा रेडियस मार’ अशी.

मध्य काढायचा झाला, तर माझ्या वडिलांची सुतारकामातली पद्धत सांगतो. गोल फळीवर गुण्याचा काटकोनी कोपरा बरोबर काठावर टेकवायचा. गुण्याच्या दोन भुजा काठाला जिथे छेदतात, तिथे पेन्सिलीने खुणा करायच्या आणि त्या पट्टीने जोडायच्या. ती रेघ व्यास असते. गुण्या थोडा सरकवून हेच पुन्हा करायचे. दोन व्यास एकमेकांना छेदतात तो केंद्रबिंदू. यामागचा नियम सरांनी सांगावा.

खडूफळा

अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, हा तो नियम. आपल्या वडिलांनी तो उलट्या बाजूने वापरला. ज्यांच्याकडे गुण्या नाही, त्यांनी दोन जीवा काढून त्यांचे लंबदुभाजक काढावेत. तेही केंद्रातच मिळतात.

जीवा म्हणजे मुळात धनुष्याची दोरी, ज्या हा तिचाच दुसरा शब्द, आणि संस्कृतात कंसाला चाप म्हणजे धनुष्यच म्हणतात. त्रिज्या हा शब्दही त्यातूनच आला. जुन्या ज्योतिषगणितात ज्या म्हणजे आजच्या साइनसारखे एक मान. प्रत्येकी ३० अंशांच्या तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून काठापर्यंतच्या अंतराएवढी भरते, म्हणून ती त्रिज्या. ‘त्रि’ पाहून मुले तिचा त्रिकोणाशी संबंध जोडतात, तो जोडू देऊ नये.

येवलेकर

संक्रांतीला आमच्या येवल्याचे आकाश पतंगांनी भरलेले असते, म्हणून पतंग या चौकोनाविषयी दोन ओळी. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान, कर्ण एकमेकांना लंब, आणि त्यांपैकी एक कर्ण दुसऱ्याला दुभागतो, असे पुस्तकात असते. खऱ्या पतंगात मधली उभी काडी हा कर्ण असतो, परंतु आडवी काडी कमानीसारखी वाकवलेली असल्यामुळे तिला कर्ण म्हणता येत नाही. तक्त्यावर खरा पतंग चिकटवणार असाल, तर आडवा कर्ण स्केचपेनने वेगळा आखावा लागेल.

अनुवादिका

घनाकृती राहून गेल्या, म्हणून थोडक्यात जोडते. हिंदीतल्या ‘घनाभ’ला आपण इष्टिकाचिती म्हणतो. शब्द जड वाटतो, पण इष्टिका म्हणजे वीट. ओळंबा यांच्या साइटवरची एक वीट हातात घेतली, तर ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू मोजता येतात. पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा २ ने जास्त येते, आणि त्रिकोणी चितीतही ५ अधिक ६ म्हणजे ११, कडा ९, असे तेच दिसते. तक्त्यावर सपाट आकृतीसाठी ‘बाजू’ आणि घनाकृतीसाठी ‘कड’ हा भेद कटाक्षाने पाळावा.

पंचवटीकर

तक्ता काल पूर्ण झाला. येवलेकरांचा पतंग मिळाला नाही, म्हणून चित्रावर भागवले. भाकरी मात्र प्रत्यक्ष करून पाहिली.

ओळंबा यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला होता. तक्ता लावायला भिंत निवडताना तिने टेप मागितला आणि मला एक टोक धरायला लावून स्वतःची खोली मोजली. बाजू १० फूट आणि १२ फूट, समोरासमोर बरोबर. त्यावरून कर्ण सुमारे १५ फूट साडेसात इंच यायला हवा, असे मी वर्गमूळ काढून सांगितले. प्रत्यक्षात एक कर्ण १५ फूट साडेआठ इंच भरला आणि दुसरा १५ फूट साडेसहा इंच. पलंग हलवून आम्ही दोनदा मोजले, तरी तेच आले. म्हणजे खोली गुण्यात नाही आणि कोपरे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक चुकले आहेत. बांधकाम करणाऱ्याने ही खोली आम्हाला आयत म्हणून विकली होती.

तक्त्यावरच्या आयताच्या चौकटीत मी उदाहरण म्हणून ‘आपली खोली’ असे लिहिले होते. तिने ते खोडून समांतरभुज चौकोनाच्या चौकटीत नेले आहे, आणि कपाट कोपऱ्यात नीट का बसत नाही याचे कारण आता मला विचारू नये, असेही सांगितले आहे.

ओळंबा

कपाट लघुकोनाच्या कोपऱ्यात लावावे, फट मागे जाते आणि दिसत नाही.